काकाजी आणि दबलेला सेल्फ

खापरखेड्यात बिघडलेला ट्रक एकटा राहत नाही. ड्रायव्हर खाली उतरला की समोरच्या पानठेल्यावरून काकाजी निघतात. खर्रा गालात सारत, हात पाठीमागे बांधून, कुणी बोलावलेलं नसताना. चनकापूर असो की वलनी, चौकाचौकात असे एखादे काकाजी असतातच. आपण आपले आपल्या चौकातल्यांबद्दल बोलू.

काकाजी पॉवर हाऊसमधून रिटायर झालेले. 210 मेगावॉटचे चार संच आणि 500 चा एक, म्हणजे 1340 मेगावॉट, हे सगळं आपणच फिरवत होतो असा त्यांच्या बोलण्याचा रोख असतो. नोकरी हजेरीच्या रजिस्टरवर झाली, असं त्यांच्याच बॅचचे लोक सांगतात. पण ज्या माणसानं 1340 मेगावॉट जवळून पाहिले, त्याला 24 व्होल्टचा ट्रक म्हणजे काय!

त्या दिवशी पॉवर हाऊसच्या राखेच्या फेरीवरचा जुना दहाचाकी चौकात अडला होता. थंडीची सकाळ. ड्रायव्हरनं चावी फिरवली की घर्र... घर्र... आणि सुस्कारा, म्हातारबा खाटेवरून उठावा तसा.

"सेल्फ दबून रायला," काकाजींनी दहा पावलांवरूनच निकाल दिला. "बुश गेले. आर्मेचर घासते. नवाच टाका लागन."

काकाजींचं निदान नेहमी सगळ्यात महागड्या भागापासून सुरू होतं आणि ऐकणाऱ्याचा चेहरा पाहत खाली उतरतं. ड्रायव्हरचा चेहरा पडला, तसे ते बॅटरीवर आले. "नाई तं बॅटऱ्या उतरल्या असतीन. थंडी पाहून नाई रायला? 2018च्या डिसेंबरात पारा 3.5 वर गेला होता, तवा अर्ध्या गाड्या धक्क्यावर चालू केल्या होत्या आपण." पारा खरंच तिथवर उतरला होता, धक्क्याचं काकाजी जाणोत. मग कार्बन, मग सोलेनॉइड, मग इंजिनात जाड तेल, मग वायर. अर्ध्या तासात सेल्फच्या आसपासचा एकही भाग निर्दोष उरला नाही. या काळात काकाजींनी गाडीला बोट लावलं नाही. ड्रायव्हरच्या खात्यावर तर्री-पोहा मात्र झाला.

क्लिनर लायटर पेटवून बॅटरीचं पाणी पाहायला वाकला, तेवढ्यात वायरमन पोरगा आला. त्यानं आधी लायटर हिसकला. "बॅटरीतून गॅस निघते बे, तोंड जाळतं का?"

"मी तेच सांगनार होतो," काकाजी म्हणाले.

पोरगा कमी बोलणारा. हेडलाइट लावायला सांगितले आणि सेल्फ मारायला लावला. दिवे फारसे मंदावले नाहीत. बॅटरी मेली असती तर दिवेही बसले असते. मग मीटर काढला. सेल्फ मारताना बॅटऱ्यांवर 22 व्होल्ट, म्हणजे बरं चाललंय. नंतर एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत काटा राहायला हवा. आकडा 3 च्या पुढे गेला.

जुन्या डिझेलची गोम इथेच असते. त्यात ठिणगी नाही. हवा सतराव्या हिश्शापर्यंत दाबायची, ती तापते आणि त्या तापावर डिझेल पेटतं. सेल्फ रेंगाळला तर हवा रिंगांवरून निसटते, ऊब सिलिंडरच्या भिंती खाऊन टाकतात आणि गाडी नुसती घरघरते. त्यात सेल्फ शेकड्यानं अँपिअर ओढतो. 400 अँपिअर जात असताना वाटेत ओहमच्या शंभराव्या भागाएवढा गंज असला, तरी 4 व्होल्ट तिथेच गडप. बाकी सगळ्या कामाला पुरणारी वायर सेल्फच्या वेळीच नेमकी दगा देते, ती यामुळे.

पोरगा गाडीखाली शिरला. चेसिसवरून इंजिनला येणारी अर्थची विणलेली पट्टी बोल्टापाशी तेल आणि राखेच्या लगद्यात बुडाली होती. हात लावला तर गरम. बॅटरीची वायर काढली, बोल्ट खोलला, दोन्ही तोंडं पॉलिश पेपरनं चकचकीत होईस्तोवर घासली, आवळून बसवली. चावी फिरली आणि पहिल्या झटक्यात इंजिन धडधडलं.

गर्दीत क्षणभर शांतता. सगळे काकाजींकडे पाहू लागले. असल्या प्रसंगी दुसरा एखादा माणूस हळूच सटकला असता.

"वायर सांगतली होती का नाई म्या?" काकाजी म्हणाले.

सांगितली होती, खरंच! ज्यानं सगळेच भाग सांगितले, त्याला खोटं पाडायचं कसं? पानठेलेवालाही साक्षीला आला. पोरगा मीटर गुंडाळत होता, काकाजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "हाताले सफाई आहे तुह्या. दिशा दाखवनारा पायजे फक्त."

ड्रायव्हरनं पोराच्या हातात पैसे ठेवले, "येतो काकाजी" म्हणत गिअर टाकला. "अबे थांब, एकदा बंद करून पुन्हा मारून पाहू, कन्फर्म करू," काकाजी ओरडत राहिले, पण राखेचा नंबर चुकवायला ड्रायव्हर काही खुळा नव्हता.

मागे एक कोराकरकरीत ट्रक चहासाठी थांबला होता. ड्रायव्हर चढला, सेल्फ मारला, इंजिन तात्काळ चालू. काकाजींनी हात वर केला.

"थांबा भाऊ, थांबा. जरासाक दबून रायला आवाज."