कात्रीचे दात

हातात कसब नसलं की माणूस हत्यारं जमवायला लागतो. फोडणी न जमणाऱ्याच्या ओट्यावर जर्मन सुऱ्यांचा संच दिसतो, सूर न लागणाऱ्याच्या दिवाणखान्यात मिरजेचा तानपुरा. माझ्याकडे कात्र्या आहेत.

त्या कशासाठी, हे मी नातेवाइकांना सांगायचं सोडून दिलं आहे. मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. तिथून तासाच्या आत, केन लॉकवुड नावाच्या घळीतून रॅरिटन नदीची दक्षिण शाखा वाहते आणि तिच्यात ट्राउट मासे असतात. त्यांना गांडूळ दाखवून पकडणं आमच्या पंथात कमीपणाचं मानतात. गळावर दोरा, पिसं आणि जनावरांचे केस गुंडाळून खोटा किडा बांधायचा, तो पाण्यावर सोडायचा आणि माशाची फसगत होण्याची वाट बघायची. या किड्याला फ्लाय म्हणतात. दुकानात तो दोन-तीन डॉलरला तयार मिळतो. घरी बांधलेला केवढ्याला पडतो, याचा हिशेब बायको एकदा कागदावर मांडायला बसली होती, तेव्हा मी चहा टाकायला उठलो. ती मालवणची. एवढं करून पकडलेला मासा मी परत पाण्यात सोडतो, हे तिने माहेरी अजून कळू दिलेलं नाही.

सुरुवात तिच्याच कात्रीपासून झाली. सासूबाईंची शिवणाची कात्री, काळ्या मुठीची, चांगली वजनदार. मी बांधायला घेतला होता फेझंट टेल. फ्रँक सॉयर नावाचा इंग्लंडमधल्या एव्हन नदीचा राखणदार होता, त्याने काढलेला हा किडा. त्याची गंमत अशी की त्याला दोरा लागतच नाही. फेझंटच्या शेपटीची पिसं आणि केसासारखी बारीक तांब्याची तार, एवढ्यावर काम भागतं. पिसं कात्रीने कापली. तारही कात्रीनेच कापली. ती टोकाने कापली, कारण टोक जवळ होतं.

पुढे दिवाळीच्या आधी ब्लाउजपीस बेतताना कात्री रेशमात अडकली.

"अहो, हिने काय कापलंत?"

"तार."

"कसली तार?"

"तांब्याची. पण फार बारीक हो!"

'बारीक' या शब्दावर माझी बरीच भिस्त होती. तिने पातं दिव्यासमोर धरलं. धारेवर एक खाच होती आणि त्या खाचेतून पलीकडचा उजेड दिसत होता. ती काही बोलली नाही, पण कात्री कपाटात गेली आणि कपाटाला कुलूप लागलं.

मग मी रीतसर कात्री घ्यायची ठरवली. आमचा क्लब हिवाळ्यात एका चर्चच्या तळघरात भरतो. तिथे एक निवृत्त प्लंबर आहेत, ज्यांना मी मनातल्या मनात गुरुजी म्हणतो. ते कात्री कधी खाली ठेवतच नाहीत. कडं अनामिकेत, पाती तळहातात दडवलेली, आणि त्याच हाताने दोरा गुंडाळणं, पीस धरणं, कॉफी पिणं सगळं चालू. कापायची वेळ आली की पाती आपोआप बाहेर येतात. त्यांनी मला सांगितलं की कात्री चार इंची घे, कडी मोठी बघ, म्हणजे सारखी घालता-काढता येईल, आणि टोकं सुईसारखी हवीत. दुकानात एकच दोरा घेऊन तो पात्यांच्या अगदी टोकाने कापून बघ. तिथे कापला तर सगळीकडे कापेल. अर्धी उघडून सोड, पाती धपकन मिटली तर स्क्रू ढिला आहे. आणि एक जुनी कात्री वेगळी ठेव, तार आणि पिसांचे जाड देठ कापायला. तेही टोकाने नाही, खिळीजवळच्या भागाने.

मी सगळं वहीत लिहून घेतलं. वीस-पंचवीस डॉलरची सुबक कात्री आणली आणि पहिल्याच संध्याकाळी ती गुरुजींसारखी तळहातात धरून बसलो. थोड्या वेळाने नाकाला खाज आली. मी हात वर नेला. डाव्या बाजूच्या मिशीचा शेवट तेव्हापासून वेगळ्या वळणाने वाढतो.

निगा राखण्यातही मी हयगय केली नाही. खिळीवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा असं सांगितलं होतं. एका थेंबाने कात्री चांगली चालते तर चार थेंबांनी काय होईल, या जिज्ञासेतून कोंबड्याची उंची पिसं तेलकट झाली. फ्लायच्या डोक्याला लावायचं व्हार्निश पात्यांवर सुकलं आणि कात्री मिटलेली ती उघडेना. त्यावर ॲसिटोन हा उपाय आहे. घरात ॲसिटोन नखांचं पॉलिश काढायच्या बाटलीत असतं, आणि बाटली त्याच कपाटात.

खरी माशी शिंकायची ती मात्र फ्लाय पूर्ण होता होता. मी ॲडम्स बांधत होतो. 1922 साली मिशिगनमध्ये लेन हॅलडे नावाच्या माणसाने पहिल्यांदा बांधलेली ही फ्लाय. गळ चौदा नंबरचा, म्हणजे सेंटिमीटरभर लांब. शेपटीचे केस सरळ बसले, मस्करॅटच्या राखाडी लोकरीचं अंग बेताचं झालं, पंख उभे राहिले, आणि तपकिरी व करड्या अशा दोन पिसांचे वेढे चक्क चाकासारखे गोल आले. उरलं होतं फक्त पिसाचं बोटभर देठ छाटणं. ते देठ जिथे बांधलेलं असतं तिथूनच दोराही खाली गेलेला असतो. मी श्वास रोखला, टोक आत घातलं आणि कच्चकन कापलं. देठ जागच्या जागी राहिलं. बॉबिन टेबलावर पडून घरंगळत गेली. पिसांचे वेढे एकेक करून सुटायला लागले, मग पंख कलंडले, मग लोकर फुलली. पुरती अर्धी संध्याकाळ माझ्या डोळ्यांदेखत उलगडली आणि गळावर शेपटी तेवढी शिल्लक राहिली.

मी निष्कर्ष काढला की कात्री बोथट आहे.

त्या डिसेंबरात पुण्याला जायचं होतं, म्हणून ती बॅगेत टाकली. सोसायटीच्या गेटवर धारवाला येतो. सायकल स्टँडवर लावायची आणि पेडल मारत दगडी चाक फिरवायचं, अशी त्याची पद्धत. एवढीशी कात्री पाहून तो आधी हसला. मग एक पातं अंगठ्याच्या नखावरून ओढून गंभीर झाला.

"काका, हिला दात पडलेत."

"किती?"

"अहो, सगळ्या पात्याला आहेत. कशावर घातली होती?"

मला तांब्याची तार आठवली, मान खाली गेली. "घालवा सगळे," मी म्हणालो, "एकदम गुळगुळीत करून टाका."

ठिणग्या उडाल्या. त्याने कात्री परत दिली तेव्हा पात्यात माझा चष्मा दिसत होता. बारीक काम म्हणून त्याने दहा रुपये जास्त मागितले, मी वीस दिले.

ते दात कात्रीबरोबर विकत घेतलेले होते. पाकिटावर ठळक अक्षरांत 'मायक्रो-सेरेटेड' छापलेलं होतं आणि त्याचे जादा पैसेही मी मोजले होते. हरणाचे केस गुळगुळीत असतात. दोन्ही पाती सफाईदार असली तर केस कापला जाण्याऐवजी टोकाकडे सरकत जातो. म्हणून एका पात्याला डोळ्यांना न दिसणारे दात ठेवतात, ते केस जागेवर धरतात आणि दुसरं पातं कापतं. हे ज्ञान मला एडिसनला परतल्यावर, हरणाच्या केसांचा झुबका कात्रीच्या पुढे पुढे पळत असताना झालं.

पुण्याच्या त्याच मुक्कामात आम्ही महाबळेश्वरलाही जाऊन आलो. पहाटे जंगलात राखी रानकोंबडा आरवला. आपल्या सह्याद्रीतल्या या पक्ष्याच्या मानेवरची मेणचट ठिपक्यांची पिसं इंग्रजांनी सामनच्या फ्लायसाठी बेसुमार नेली. आता त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि विलायतेतले लोक पाळलेल्या पक्ष्यांच्या पिसांवर भागवतात. माझ्यापासून त्या कोंबड्याला तसाही धोका नव्हता. अर्धा कायद्यामुळे, अर्धा खिशातल्या कात्रीमुळे.

नंतर मी टंगस्टन कार्बाइडची घेतली. ते पोलादापेक्षा कितीतरी कठीण, धार वर्षानुवर्षं टिकते. कठीण आणि ठिसूळ हे गुण जोडीने येतात, हे मला स्वयंपाकघरातल्या फरशीने समजावलं. टोकाचा तुकडा रवाळ साखरेच्या कणाएवढाच उडाला, पण कापायचं काम तेवढ्यानेच व्हायचं होतं.

शेवटी ती पुणेरी गुळगुळीत कात्री घेऊन गुरुजींकडे गेलो. त्यांनी भिंग लावून पाती पाहिली. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा पाती पाहिली. मग वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून त्यातून कात्री नुसती ढकलली. कागद आवाज न करता दुभंगला.

"फ्लायसाठी ही मेली," ते म्हणाले. "पण ही धार कोणी लावली?"

मी सायकलचं वर्णन केलं. त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं आणि शेजारच्या टेबलावरच्या मंडळींना बोलावून घेतलं. एखाद्या विषयात क्लबाने माझं म्हणणं ऐकून घ्यायची ती पहिलीच वेळ.

यंदा डिसेंबरात पुन्हा जाणं आहे. बॅगेत गुरुजींच्या स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आहेत, खजिनदारांची झुडपं छाटायची कात्री आहे, कोणाच्या तरी आजीचा केक कापायचा चाकू आहे. प्रत्येक वस्तू माझ्या मोज्यात गुंडाळून त्यावर मालकाचं नाव चिकटवलंय. दात असलेलं काही देऊ नका, असं मी सगळ्यांना दोनदा बजावलं. बायकोने कपाट उघडून सासूबाईंची कात्री आणली, खाचेची बाजू मला दाखवून स्वतःच्या पर्समधल्या रुमालात गुंडाळली आणि मग चेक-इनच्या बॅगेत अगदी तळाशी ठेवली.

"मुंबईला कस्टमवाल्यांनी ही बॅग उघडली ना," ती चेन ओढत म्हणाली, "तर एवढी एक कात्री माझी. बाकीच्यांना आणि तुम्हाला मी ओळखत नाही."