नऊ अंश खाडीतली अकराची मीटिंग

रजा हा शब्द आमच्या ऑफिसात हळू आवाजात उच्चारतात. त्यामुळे साहेबांनी स्वतःहून "रजा कशाला खर्च करता? वर्केशन घ्या की," असं सुचवलं तेव्हा मी आधी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली. तब्येत उत्तम होती. अटी दोनच. रोज सकाळी अकराच्या मीटिंगला हजर राहायचं आणि वीस तारखेच्या जीएसटी रिटर्नला धक्का लागू द्यायचा नाही. "बाकी अख्खा समुद्र तुमचा," साहेब म्हणाले. अरबी समुद्र इतक्या सढळ हातानं बहुधा पहिल्यांदाच कुणी वाटला असेल.

समुद्र ठरला होता तो लक्षद्वीपचा. तिथल्या प्रशासनाच्या पर्यटन संस्थेची 'समुद्रम्' नावाची सहल असते. कोचीहून 'एम. व्ही. कवरत्ती' जहाजानं निघायचं आणि कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय ही तीन बेटं बघून पाचव्या दिवशी परत यायचं. रात्री जहाजात, दिवसा बेटावर. हे मी घरी सांगितलं आणि 'क्रूझ' हा शब्द तोंडून गेला, तिथून पुढचं माझ्या हातात राहिलं नाही.

मेहुणा त्याच संध्याकाळी आला. "दाजी, वर स्विमिंग पूल, खाली कॅसिनो असणार. कोट शिवून घ्या." मी त्याला समजावलं, की अरे, हे बेटांवरच्या लोकांचं रोजच्या वापराचं जहाज आहे. कोचीच्या दवाखान्यात आलेले म्हातारे, सुट्टीत घरी निघालेली कॉलेजची पोरं, त्यांच्या गोण्या, खोकी, सगळं त्यातूनच जातं. आपल्याला त्यातल्या केबिन मिळतात, एवढंच. आणि लक्षद्वीपमध्ये दारूबंदी आहे, बंगारम बेटाचा अपवाद सोडला तर. आणि बंगारम आपल्या वाटेवर नाही. मेहुणा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बार नाही? मग ते जहाज तरंगतं कशावर?"

आत्याची शंका निराळी होती. आम्ही कल्याणहून मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस पकडणार होतो. निजामुद्दीनहून निघणारी ही गाडी कोकण रेल्वेनं एर्नाकुलमला जाते आणि तिथंच थांबते. आत्याला हे पटेना. "नावात लक्षद्वीप घालून मध्येच उतरवतात होय? तू नीट विचारलंस का?" पुढे समुद्र आहे म्हटल्यावर ती म्हणाली, "मग आधीच सांगायला नको का त्यांनी?" एक्स्प्रेसची बाजू घेऊन मी तिच्याशी अर्धा तास भांडलो.

खरी तयारी नेटवर्कची. लक्षद्वीपची छत्तीस बेटं, त्यांतली दहा वस्तीची, आणि सगळ्यांचं क्षेत्रफळ मिळून 32 चौरस किलोमीटर. कल्याण-डोंबिवलीत ती सगळी ठेवून वर जागा उरेल. समुद्रात इतक्या लांब पसरलेल्या या ठिपक्यांना पूर्वी इंटरनेट यायचं ते आकाशातून, उपग्रहाकडून, आणि तेही जपून वापरावं लागायचं. मग कोचीपासून समुद्राच्या तळाशी ऑप्टिकल फायबरची केबल टाकली गेली. जानेवारी 2024 मध्ये तिचं उद्घाटन झालं. हे वाचून मी इतका खूश झालो, की लगेच साहेबांना कळवलं. साहेबांनी अंगठा पाठवला. केबल बेटावर वर येते, जहाजावर नाही, हे माझ्या डोक्यात शिरलं ते रात्री दीडला. म्हणजे आम्ही जाणार वरून, इंटरनेट जाणार खालून, आणि मध्ये समुद्र. तळाशी वेग भरपूर, डेकवर शून्य.

मग वेळापत्रक करायला बसलो. अकरा वाजता जहाज कुठे असेल? बेटापाशीच, हे तर बरंच झालं. पण 'पाशी' म्हणजे किती पाशी? या बेटांभोवती प्रवाळाचा कठडा असतो आणि आत उथळ खाजण, त्याला तिकडेही लगूनच म्हणतात. तिथं मोठं जहाज शिरत नाही. ते बाहेर खोल पाण्यात उभं राहतं. मग जहाजाच्या पोटाकडचं एक दार उघडतात, खाली लहान होडी येऊन भिडते, आणि लाटेबरोबर होडी वर आली, की खलाशी तुम्हाला दंडाला धरून तिच्यात उतरवतात. होडी खाली असताना उतरायचं नसतं. हे सगळं साधारण सकाळी, न्याहारीनंतर. म्हणजे मीटिंगच्याच सुमाराला.

मी डोळ्यांपुढे चित्र आणून पाहिलं. अंगात लाइफ जॅकेट, एक पाय भारत सरकारच्या जहाजात, दुसरा हवेत, आणि कानात साहेबांचा आवाज : "जरा डिसेंबरची फिगर सांगता का?"

मिनिकॉयची गोष्ट आणखी वेगळी. ते बाकीच्या बेटांपासून दूर, दक्षिणेला एकटं पडलेलं. मध्ये नऊ अंश खाडी. शाळेत भूगोलाच्या पेपरात 'जोड्या लावा'मध्ये मी हिची जोडी नेमकी अंदमानशी लावत असे. नववा अक्षांश तिथून जातो म्हणून हे नाव, आणि रुंदी दोनशे किलोमीटरच्या आसपास. खाडी म्हणजे आम्हा कल्याणकरांच्या डोळ्यांपुढे चिखल, तिवरं आणि दुर्गाडी किल्ला येतो. दोनशे किलोमीटरची खाडी ऐकून बायकोनं अव्होमिनची आणखी एक पट्टी आणली. मला अव्होमिन घेतली तर झोप येते, न घेतली तर पोटात ढवळतं. मीटिंगच्या दृष्टीनं कुठलं बरं, यावर आम्ही बराच विचार केला. झोपेची तरी आमच्या मीटिंगला सवय आहे.

त्या बेटावर इंग्रजांनी 1885 मध्ये बांधलेला दीपगृहाचा मनोरा आहे. लोक वर चढून समुद्राचे रंग बघतात. वर चढल्यावर मोबाइलला रेंज किती मिळेल, एवढंच मी दहा जणांना विचारलं. तिथली भाषा बाकीच्या बेटांसारखी मल्याळमच्या नात्यातली नसून महल आहे, मालदीवच्या दिवेहीची बहीण, आणि तिथला टूना मासा नावाजलेला आहे, वगैरे माहिती बायकोनं काढली. सहलीला ती निघाली होती. मी निघालो होतो ते तीन बेटांच्या इंटरनेटची तपासणी करायला.

कागदपत्रांत तर मी दुभंगलोच. लक्षद्वीपला बाहेरच्या माणसाला प्रवेश परवाना लागतो. त्या कागदावर मी पर्यटक. त्याच दिवशी ऑफिसच्या पोर्टलवर मी भरलं, की या पाच दिवसांत अस्मादिक पूर्णवेळ कामावर हजर आहेत. दोन्ही कागदांवर फोटो एकच. त्यातला चेहरा कुठल्या बाजूनं खरं बोलतोय, हे मलाही सांगता येईना.

पार्श्वभूमीचा प्रश्न साहेबांनी काढला. आमच्याकडे मीटिंगमध्ये निम्मे लोक मागे खोटा समुद्रकिनारा लावून बसतात. लेखा विभागातल्या बाई तर गेली दोन वर्षं नारळाच्या झाडाखालीच आहेत. "पण तुमच्या मागे खरा किनारा दिसला तर बरं दिसणार नाही," साहेब म्हणाले, "लोकांना वाटेल मजा चाललीय." तेव्हा मी ऑफिसातल्या माझ्या टेबलामागच्या फायलींच्या कपाटाचा फोटो काढून लॅपटॉपमध्ये भरला. कल्पेनीच्या निळ्या पाण्याला पाठ करून बसायचं आणि मागे 2019-20 ची व्हाउचरं लावायची.

सामानाच्या दोन बाजू पडल्या. माझ्या बाजूला लॅपटॉप, दोन चार्जर, पॉवर बँक, एक्स्टेन्शन बोर्ड, शेजारच्या काकांनी मायेनं दिलेलं बीएसएनएलचं सिम, आणि खारी हवा लागू नये म्हणून प्लॅस्टिकच्या तीन पिशव्या. बायकोच्या बाजूला दशम्या, दाण्याची चटणी, आवळासुपारी, आल्याच्या वड्या, टोप्या आणि पोहण्याचे कपडे. "अहो, हा बोर्ड कशाला? समुद्रात सॉकेट आहे का?" "केबिनमध्ये असेल." "मग बोर्ड कशाला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण बोर्ड गेला.

गाडीचं सांगण्यासारखं काही नाही. रत्नागिरीपर्यंत मी एक्सेल उघडं ठेवलं होतं. पुढे बोगद्यांनी नेटवर्क आणि दशम्यांनी इच्छा संपवली.

कोचीला विलिंग्डन बेटावरच्या धक्क्यावर रांगेत आमच्यामागे एक मध्यम वयाचे गृहस्थ होते. हातात प्रिंटरचं खोकं. कवरत्तीला सरकारी नोकरी, रजा संपवून कामावर निघालेले. हिंदी स्वच्छ, पण शेवटाला मल्याळी हेलकावा. रजेत काय केलंत, विचारलं. आईला डॉक्टरकडे नेलं, मुलीच्या प्रवेशाच्या रांगेत उभा राहिलो, मग मॉलमध्ये फिरलो, म्हणाले. ते रजेसाठी गर्दीत आले होते आणि कामासाठी बेटावर चालले होते. मी बेटावर रजेला चाललोय आणि काम बरोबर आहे, हे त्यांना सांगायला मला तीन वेळा वाक्य बदलावं लागलं. शेवटी त्यांनी माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं.

"उद्या अकरा वाजता मीटिंग? तेव्हा तुम्ही होडीत उतरत असाल."

"तेच तर. म्हणून फोन हातात ठेवणार आहे."

"नाही, नाही. उतरताना दोन्ही हात मोकळे पाहिजेत. खलाशी ओरडतात."

"आणि लॅपटॉप?"

"त्याचं काही नाही," ते धीर देत म्हणाले. "सामान ते मागून टाकतात."

बायको लगेच पिशवी धरायला पुढे झाली. लॅपटॉपची नव्हे, दशम्यांची.