काकूंचा भाचा आणि सिद्धेश्वरचं वारं

"अगं ऐकलंस का, आमचा भाचा सिद्धेश्वर धरणापाशी पवनचक्की लावतोय!" काकूंनी कुपाटीवरून मान उंचावत बातमी फोडली. "धरणावर एवढं वारं सुटतंय, तर लाइन गेली की कामून डिझेलचं जनरेटर धडधडवावं म्हणतो."

काकूंच्या भाच्याला दरसाल नवा उद्योग सुचतो. मागं इमू पाळणार होता. पण हा विचार अगदीच हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, म्हणून मी धुण्याची बादली खाली ठेवली.

"काकू, डिझेलवर गाव चालवणं म्हणजे काय, ते घारापुरीवाल्यांना विचारा. मुंबईसमोरचं बेट, लेणी जगात नावाजलेली. पण 2018 सालापर्यंत संध्याकाळी तीनेक तास जनरेटर चालायचा, मग सगळा अंधार."

"मुंबईच्या दारात? काय सांगतीस माय!"

"मग समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटरची केबल टाकली, तेव्हा कुठं राजबंदर, शेतबंदर, मोराबंदरात चोवीस तास वीज आली."

"म्हंजे पवनचक्की नाहीच लावली की. हे भाच्याला नको सांगू."

"केबल परवडत नाही तिथं लावतात. ऑस्ट्रेलियाची मुख्य भूमी आणि टास्मानिया यांच्या मधे किंग आयलंड आहे. तिथं वीज डिझेलवरच व्हायची. 1998 मध्ये पवनचक्क्या उभ्या केल्या, पण इंजिनं काही काढली नाहीत."

"इंजिन ठेवायचंच, तर मग चक्की कशाला?"

"डिझेल वाचवायला. वारं काय सांगून येतं का? पडलं की विजेची पन्नास हर्ट्झची चाल लगेच ढळते, ती दुसऱ्या कुणीतरी तिथल्या तिथं सावरावी लागते. बरं, वारं जोरात आहे म्हणून इंजिन अगदी मंद चालवावं, तर तेही जमत नाही. ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्याखाली सारखं चालवलं की डिझेल पुरतं जळत नाही, धुराड्यात काजळी आणि ओलं तेल साचतं, इंजिन खराब होतं."

"घरजावयासारखंच की. काम कमी पडलं की बिघडला!"

"म्हणून किंग आयलंडवर जड चाक फिरतं ठेवतात, बॅटऱ्या ठेवतात, वीज जास्त झाली तर ती उष्णतेत घालवायची सोय करतात. एवढं केल्यावर वारं चांगलं असलं की इंजिन पूर्ण बंद ठेवता येतं. स्पेनच्या एल हिएरो बेटावर तर 2014 पासून आणखी वेगळी युक्ती आहे. वारं जोरात असलं की पाणी डोंगरावर, विझलेल्या ज्वालामुखीच्या खळग्यात चढवतात आणि वारं पडलं की तेच पाणी खाली सोडून वीज करतात. डिझेलचं केंद्र मात्र तिथंही मोडलेलं नाही."

"पाणी सोडून वीज तर वरच्या येलदरी धरणावरही करतात!"

"करतात ना. तीन संच, साडेबावीस मेगावॉट. तिथली चाकं फिरवून आलेलं पाणी आपल्या सिद्धेश्वरात येतं, मग कालव्यानं वसमतकडे जातं."

"मग झालं की! वर येलदरी, खाली सिद्धेश्वर. वाऱ्यानं पाणी वर चढवायचं, पुन्हा खाली सोडायचं."

भाचा कुणावर गेलाय ते तेव्हा मला कळलं. कल्पना खरोखरच बरी होती, पण वर चढवलेलं पाणी कालव्यातून कमी होणार, आणि त्यावरून वसमतवाले गप्प बसायचे नाहीत.

"शिवाय काकू, आपल्याकडं वारं कधी सुटतं? आषाढ-श्रावणात. तेव्हा शेतातल्या मोटारी बंद असतात. मोटारीला थ्री फेज वीज लागते रब्बीत, गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायला, आणि तेव्हा पानही हलत नाही. साताऱ्याकडं वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत, त्यांचीही खरी कमाई पावसाळ्यातच. त्या मोठ्या तारांना जोडलेल्या आहेत म्हणून त्यांचं निभतं. आणि आपण तरी कुठं बेटावर राहतो? आपल्या दारात तारा आहेतच, वीज येते-जाते एवढंच."

"तुला मोबाईलमधलं एवढं कळतंय, चुलीवरचं दूध उतू गेलेलं कळत नाही," काकू म्हणाल्या. "बरं, मग त्याला काय सांगू?"

"रब्बीत वारं नसलं तरी ऊन असतं. आधी सौर पंपाचा अर्ज भर म्हणावं."

"अर्ज भरल, नाहीतर चक्की लावल. पण त्याच्या वावरात, त्याच्या पैशानं. गावात वर्गणी फिरली तर माझा एक रुपयासुद्धा मिळायचा नाही."