घसाऱ्याची हौस

ज्या सृष्टीत पेट्रोलला दाम पडत नाही, भिंतीवर आदळूनही कपाळमोक्ष होत नाही आणि कोणी हवालदार शिट्टी फुंकीत आडवा येत नाही, अशी मायावी सृष्टी संगणकावर उभी केल्यानंतर तिच्यातील टायरही अक्षय ठेवले असते तर कोणी दाद मागितली नसती, असे एखाद्या शहाण्यास वाटेल. परंतु अमेरिकेतील स्टॉक कार शर्यतींच्या शौकिनांचा स्वभाव त्या शहाण्यास ठाऊक नाही. 2008 साली सुरू झालेल्या आयरेसिंग नामक खेळात खऱ्या मैदानांचे लेसरने मापन करून प्रत्येक उंचवटा जसाच्या तसा उतरविलेला असतो, आणि त्यावर धावणारा टायर इमानेइतबारे तापतो, झिजतो व ऐन वेळी दगा देतो. या घसाऱ्यासाठी आम्ही रयत बिनतक्रार वर्गणी भरतो. तक्रार होते ती घसारा खऱ्याबरहुकूम नसला तरच.

दक्षिण कॅरोलायनातील डार्लिंग्टनचे 1950 सालचे मैदान या बाबतीत परम निष्ठुर. जमीनमालकाने आपल्या माशांच्या तळ्यास धक्का लावू दिला नाही, म्हणून ते एका टोकास चिंचोळे होऊन अंड्याच्या आकाराचे झाले. आणि त्याची खरखर अशी, की नव्या टायरांचा तोरा थोड्याच फेऱ्यांत उतरतो. वळणे सारी डावीकडची असल्यामुळे उजवा पुढचा टायर एकत्र कुटुंबातील थोरल्या भावाप्रमाणे सर्वांचा बोजा वाहतो. बरे, त्याची प्रकृती गाडी चालू असता कळण्याची सोय नाही. पिटमध्ये थांबून चाके बदलली म्हणजेच आतली, मधली आणि बाहेरची बाजू किती टक्के शिल्लक राहिली याचा ताळेबंद जाहीर होतो. तोवर स्टिअरिंगच्या थरथरीवरून नाडीपरीक्षा करावयाची, आणि वळण संपताना उजव्या पायास संयम शिकवावयाचा.

हे वेड केवळ खेळापुरते आहे, असेही नाही. अटलांटाच्या मैदानावरचे 1997 सालचे जीर्ण डांबर उखडून नवे घालण्याचा बेत 2017 साली जाहीर झाला, तेव्हा टायर खाणारा तो रस्ताच आम्हांस प्रिय आहे, असे खऱ्याखुऱ्या चालकांनी कळविले आणि काम लांबणीवर पडले. रस्ता दुरुस्त करू नये, अशा मजकुराचा अर्ज आमच्या नगरपालिकेच्या दप्तरी कधीकाळी दाखल झाला असता, तर संबंधित कारकुनाने तो डोळ्यांस लावून चौकटीत बसविला असता.

परवा रात्री जेवणाच्या टेबलास आवळलेल्या स्टिअरिंगवरून मान वर करून, उजवा पुढचा टायर अडुसष्ट टक्के राखल्याचे वर्तमान मी मोठ्या अभिमानाने सौभाग्यवतींच्या कानी घातले.

"अहो, आणि स्कूटरचा मागचा?" त्यांनी विचारले.

पिटमधून बाहेर पडण्याची वेळ झाली होती, हे त्या दिवशी फारच सोयीचे पडले.