दम लागण्याची अचूक वेळ

पनवेलच्या पालकांनी यापुढे आपल्या मुलाला दम केव्हा लागणार हे आधी ठरवून शाळेला लेखी कळवायचं आहे. तसं परिपत्रक अजून आलेलं नाही, पण फॉर्म आला आहे. 'शालेय वेळेत औषध देण्याबाबत पालकांची विनंती' असा त्याचा मथळा. औषधाच्या नावाला अर्धी ओळ. आजाराला जागाच नाही. वेळेला मात्र चार चौकोन: दोन तासांचे, दोन मिनिटांचे, आणि पुढे सकाळ की दुपार त्यावर खूण करा.

चौथीतल्या एका पोराच्या आईने त्या चौकोनांवरून आडवं लिहिलं, 'दम लागल्यास'. डॉक्टरांच्या चिठ्ठीतही तेच होतं. निळा इन्हेलर, स्पेसर लावून दोन पफ, दम लागल्यास. फॉर्म परत आला, चौकोनांभोवती लाल गोल काढून.

"मॅडम, वेळ टाका."

"अहो, दम लागला की द्यायचाय."

"ते कळलं हो. पण किती वाजता?"

छोटी सुट्टी ११.२० ला होते, म्हणून आईने ११.२० लिहिलं. फॉर्म तत्काळ मंजूर. सही, शिक्का, आवक क्रमांक.

आता सगळी भिस्त दम्यावर. कळंबोलीकडून येणारे कंटेनर, बारा महिने उकरलेला रस्ता, डोंगर कुरतडणाऱ्या खडीच्या खाणी, हिवाळ्यात पहाटे तळोज्याच्या बाजूने येणारा तो वास, जुलैत भिंतीवर चढणारी ओल आणि तिच्यामागून येणारी बुरशी, या सर्वांनी आपापसांत बैठक घेऊन ११.२० वर एकमत करायचं आहे. डिसेंबरातली धूळ सकाळी साडेसातलाच हजर झाली, तर तिने गेटवर वॉचमनच्या वहीत नाव, मोबाइल नंबर आणि भेटीचं कारण लिहून थांबावं. खेळाचा तास शेवटचा असतो. तिथे धावून पोराला पावणेएकला धाप लागली तर ती उशिरा आलेली धरावी, डायरीत लाल शेरा मारावा आणि खाली पालकांची सही घ्यावी. तीनदा उशीर झाला तर दम्याला वर्गाबाहेर उभं करावं. जगानेही दम्याला एक दिवस नेमून दिला आहे म्हणा, मे महिन्याचा पहिला मंगळवार, पण त्यांनीही वेळ घातलेली नाही आणि त्या दिवशी शाळेला सुट्टी. आणि समजा, एखाद्या दिवशी ११.२० ला पोरगं ठणठणीत असलं तर? फॉर्म गप्प आहे. नियम तो नियम, म्हणून बहुधा जिन्याच्या दोन फेऱ्या मारायला लावतील.

जिन्याचं असं आहे की चौथीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर आणि इन्हेलर तळमजल्यावर, ऑफिसातल्या लोखंडी कपाटात. लिफ्ट आहे. तिच्यावर पाटी आहे, 'विद्यार्थ्यांसाठी नाही'. म्हणजे दम लागलेल्या मुलाने तीन मजले उतरायचे, दोन पफ घ्यायचे आणि तीन मजले चढून पुन्हा दम लावून घ्यायचा. दुसऱ्या दमासाठी नवीन फॉर्म.

कपाटाची किल्ली क्लार्ककडे. क्लार्क बँकेत.

हा माझा जुना राग आहे, आज काढून घेतो. आपल्याकडे संस्था काढायची म्हणजे आधी कपाट घ्यायचं आणि मग त्याची किल्ली अशा माणसाकडे द्यायची जो जागेवर नसतो. वाचनालयातली चांगली पुस्तकं काचेआड, किल्ली रजेवर. प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक कपाटात, किल्ली जनगणनेला. शाळेची प्रथमोपचार पेटी कपाटात, तीही कुलूप लावून, म्हणजे गुडघा फुटलेल्या मुलाला आधी संयमाचे संस्कार मिळतात. सगळं सुरक्षित असतं. कुणाच्या हाती लागत नाही, म्हणून सुरक्षित असतं.

हा इन्हेलर मुळात सुचला कसा, तेही सांगतो. १९५५ साली अमेरिकेत दम्याने त्रासलेल्या एका १३ वर्षांच्या मुलीने वडिलांना विचारलं, केसांवर मारायच्या फवाऱ्याच्या डब्यासारखं माझं औषध का नसतं? तोवर काचेची नळी आणि रबरी फुगा दाबत बसावं लागे. वडील औषध कंपनीत वरच्या हुद्द्यावर होते. त्यांनी मनावर घेतलं आणि १९५६ मध्ये मोजून फवारा देणारा इन्हेलर बाजारात आला. शाळकरी मुलीच्या डोक्यातून निघालेली वस्तू, शाळकरी खिशात मावेल एवढी. आजच्या निळ्या इन्हेलरमधलं साल्ब्युटामॉल श्वासनलिकांभोवती आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतं. औषधाने तातडीची आपली बाजू सांभाळली. मग ते पनवेलला आलं आणि आपण त्याला कुलूप लावलं.

इन्सुलिन घेणाऱ्या मुलांचं तर विचारूच नका. त्यांची साखर उतरली की लगेच काहीतरी गोड तोंडात घालावं लागतं. पण वर्गात खाणं म्हणजे बेशिस्त. साखर कधी उतरणार ते चार चौकोनांत लिहा.

शाळेचं म्हणणं, "आम्ही मुलांना औषध देत नाही. पॉलिसी आहे." शिक्षकांची भीती मला कळते. काही चुकलं तर मान त्यांचीच अडकणार. पण 'देत नाही' हे काही खरं नाही. १० फेब्रुवारीला जंतनाशक दिन असतो. त्या दिवशी याच शाळेत, याच बाई, रांगेने प्रत्येक पोराच्या हातावर ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोलची गोळी ठेवतात, समोर उभं राहून चावून खायला लावतात आणि फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकतात. कार्यक्रम उत्तम आहे, जंत गेलेच पाहिजेत. पण तेव्हा कुठे गेलं कपाट? कुठे गेली ती पॉलिसी? वरून आदेश आला की शेकडो मुलांना औषध देता येतं, आणि एका मुलाच्या आईने डॉक्टरांची चिठ्ठी हातात ठेवली की हात बांधलेले असतात! वर तिच्याकडून पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर लिहून घेता, 'काही बरेवाईट झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही.' मग कशाला जबाबदार राहणार? बुटांच्या पॉलिशला? लाखभर फी घेता, रोबोटिक्स शिकवता, आणि नळकांडं हलवून दोन वेळा दाबायला एक माणूस तयार करता येत नाही तुम्हाला? एक ऑफ तास लागतो शिकायला. एक.

चौथी 'ब'ने मात्र आपल्यापुरता प्रश्न सोडवला आहे. आईने दुसरा इन्हेलर आणि स्पेसर डब्याच्या पिशवीत खाली घालून दिला आहे. शेजारच्या बाकावरच्या मुलीला सगळं पाठ आहे: आधी हलवायचं, एक पफ, सावकाश श्वास, जरा थांबून दुसरा, आणि तोवर मागच्या बाकाने बाईंना गणितातली शंका विचारत राहायचं. शंका विचारणारा पोरगा त्यामुळे गणितात बराच सुधारला आहे.

येत्या सोमवारी दप्तर तपासणी आहे. आणू नयेत अशा वस्तूंच्या यादीत औषधं चौथ्या क्रमांकावर आहेत, च्युइंगम आणि फटाक्यांच्या मध्ये.