बजेट मध्यम, भाषा फ्रेंच

आपल्या पासपोर्टची पुस्तिका छापली जाते नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये, आणि नोटा छापणारी करन्सी नोट प्रेसही तिथलीच. पहिली 1925 पासूनची, दुसरी 1928 पासूनची. म्हणजे परदेशी जायला लागणाऱ्या दोन्ही वस्तू आमच्या गावात शंभरेक वर्षं तयार होताहेत. पैकी पहिली आमच्या घरात प्रत्येकाकडे आहे. दुसरी नाशिकरोडहून निघते ती देशभर फिरते, आमच्या इंदिरानगरचा फाटा तेवढा तिला सापडत नाही.

तरीही परदेशी जायचंच, असं बायकोने ठरवलं ते सिंहस्थामुळे. अमृतस्नानं 2027च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, पण फोन आत्तापासून सुरू झालेत. ज्यांनी मुलाच्या लग्नाची पत्रिका व्हॉट्सॲपवर उरकली, ते आता आईच्या गुडघ्यांची चौकशी करून हळूच म्हणतात, "कुंभाला तुमच्याकडेच उतरू हं." बायकोचं म्हणणं, पाहुण्यांवर जे उडायचं ते उडणारच आहे, त्याआधीच्या मे महिन्यात थोडं आपल्यावर उडवू. बजेट मध्यम ठेवू.

यावर सगळ्यांचं एकमत झालं, कारण मध्यम म्हणजे किती हे कुणी विचारलंच नाही. आईच्या हिशेबात मध्यम म्हणजे वणीची देवी आणि येताना बाहेर जेवण. मुलीच्या हिशेबात मध्यम म्हणजे दोनच देश. माझ्या हिशेबात, एफडी न मोडता माणूस जिथवर जाऊन परत येऊ शकतो तिथवर.

देश फ्रेंच बोलणारा हवा, हा मुलीचा आग्रह. तिने अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलं होतं. मराठीत मार्क मिळत नाहीत आणि फ्रेंच स्कोअरिंग, हे कॉलेज रोडवरच्या कुठल्याही क्लासबाहेर उभे असलेले पालक तुम्हाला सांगतील. तिला शंभरपैकी 96 मिळाले. क्रियापदं ती अशी घडाघडा चालवते की आईला वाटतं, मुलगी रामरक्षा म्हणतेय. फक्त त्या भाषेत कुणाशी बोलायची वेळ आजवर आली नव्हती. अभ्यासक्रमात तशी अटही नव्हती.

आधी अर्थातच पॅरिस. शेंगेन व्हिसाची फी माणशी 90 युरो, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. बँकेची स्टेटमेंटं, रिटर्न, साहेबाचं रजेचं पत्र, हॉटेलांची बुकिंगं, परतीचं तिकीट. घर घेताना कर्जाच्या फायलीला एवढे कागद लागले नव्हते, आणि तिथे निदान शेवटी घर मिळालं. शिवाय प्रवासविमा किमान 30,000 युरोंचा, म्हणजे तीस लाखांच्या घरात. थोडक्यात, फ्रान्सच्या मते आम्ही तिकडे फिरण्यापेक्षा आजारी पडण्याची तयारी मोठी ठेवावी. बँकेचं स्टेटमेंट मी एकदा व्हिसा अधिकाऱ्याच्या नजरेने वाचून पाहिलं. वीज बिल, किराणा, वीज बिल, पाहुण्यांचं जेवण, आणि दर महिन्याच्या वीस तारखेनंतर नुसती शांतता. मीसुद्धा मला व्हिसा दिला नसता.

पुण्याचे साडू युरोप करून आलेले आहेत, त्यामुळे त्यांचा सल्ला न मागता मिळतो. "फ्रान्सच बघायचाय ना? मग दिंडोरीला जा. शाँदाँचा कारखाना तिथेच आहे." हे खोटं नाही. शँपेनवाली ही फ्रेंच मंडळी आमच्या द्राक्षांपायी दिंडोरीपर्यंत आली. त्यांना आमचं बजेट विचारावं लागलं नाही.

मग मुलीनेच मॉरिशस काढलं. व्हिसा आगाऊ काढायला नको, पोचल्यावर विमानतळावर फुकट मिळतो, हे ऐकून मी खुर्ची पुढे ओढली. मुंबईहून थेट विमान, साधारण सहा तास. नाशिकहून मुंबई विमानतळ गाठायला कसाऱ्याच्या पुढे कधीकधी तेवढेच लागतात. मे महिन्यात तिकडे हिवाळा लागतो, वादळांचा मोसम संपत आलेला असतो. बेट 1715 पासून फ्रेंचांकडे होतं, 1810 मध्ये इंग्रजांनी जिंकलं आणि भाषेला मात्र हात लावला नाही. आजही वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंच, घरातली बोली क्रिओल आणि सरकारी कागद इंग्रजी. मुलीच्या 96 मार्कांना वाव आणि माझ्या इंग्रजीला आधार, दोन्ही एकाच तिकिटात.

चलनही रुपयाच. मी खूश होऊन हॉटेलांचे दर वाचत सुटलो. मग बायकोने सांगितलं, त्यांचा एक रुपया म्हणजे आपले जवळजवळ दोन. मी चष्मा काढून ठेवला.

खरी अडचण आईची होती. तिला समुद्राचं कौतुक नाही. तिचं माहेर रत्नागिरीकडचं, समुद्र तिने परसात पाहिलाय. मुलीने गंगातलावाचा फोटो दाखवला, काठावर 108 फुटी शंकर. उत्साहाच्या भरात हेही सांगितलं की तिथल्या शिवमंदिराला भाविक तेरावं ज्योतिर्लिंग मानतात. आई ताठ बसली. "बारा आहेत. त्यातलं एक आपल्या त्र्यंबकला. वाढवायचे अधिकार कुणी दिले?"

बेत तिथेच बुडायचा, पण मुलीने कास्काव्हेल गावाचं नाव काढलं. 1834 मध्ये तिथल्या उसाच्या मळ्यांवर करारावरचे गिरमिटिये मजूर न्यायला सुरुवात झाली, त्यांत पुढे आपल्या कोकणातली माणसंही गेली. त्यांची पणतवंडं त्या भागात आजही राहतात, गणपती बसवतात, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते. आईने पोथी मिटली.

"रत्नागिरीचे?"

"तिकडचेही असणार, आजी."

"आडनावं काय?"

मुलीने सांगितलं की गोऱ्या कारकुनांच्या नोंदीत अनेकांचं नुसतं नाव उतरलं आणि पुढच्या पिढ्यांना तेच आडनाव म्हणून चिकटलं. आई हळहळली. "अरे देवा, मग सोयरिकी कशा जुळवत असतील?" त्या संध्याकाळी तिने माझ्या मामाला फोन करून, आपल्या वाडीतलं कोणी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी न सांगता घर सोडून गेलं होतं का, याची चौकशी केली. मामाने दोन नावं दिली, दोघांचाही जमिनीत हिस्सा निघतो. आता आईला मॉरिशसला जायचंच आहे. मामाने मात्र, तिकडे सातबाऱ्याचा विषय काढू नकोस, एवढंच बजावलंय.

जागा ठरली फ्लिक-आँ-फ्लाकच्या किनाऱ्याजवळ. कास्काव्हेल तिथून जवळ. हॉटेल नाही, स्वयंपाकघर असलेला फ्लॅट. मध्यम बजेटचं कुटुंब परदेशातही आधी गॅसची शेगडी शोधतं. बायकोची यादी सुरू झाली: भाजणी, मेतकूट, कुकर. ताजी फळं आणि रोपं न्यायला परवाना लागतो, त्यामुळे आईची गावाकडच्यांसाठी तुळस आणि माझी द्राक्षांची पेटी बाद.

फ्लॅटमध्ये शेगडी आहे की नुसता मायक्रोवेव्ह, हे विचारायला फोन करायचा होता. मी इंग्रजीत विचारणार होतो, पण आईने हात धरला. "तिला करू दे. एवढी फी भरलीस." मुलीने वाक्य आधी वहीत लिहिलं, लिंग-वचन तपासलं, स्पीकर लावला आणि विचारलं. पलीकडचा गृहस्थ बोलायला लागला तो थांबेचना. मधेच हसला, काहीतरी उलट विचारलं, पुन्हा बोलला. मुलगी लाल होत "उई, उई" करत राहिली आणि शेवटी "मेर्सी" म्हणून तिने फोन ठेवला.

"काय म्हणाला?" आम्ही सगळे एकदम.

"हो म्हणाला."

"शेगडी आहे?"

"तो हो म्हणाला. कशाला, ते नीट कळलं नाही."

बायकोने यादी पुढे ओढली आणि कुकरच्या खाली विजेची शेगडी लिहिली.