चकलीचा बाजारभाव

लंडनच्या हॅरोमध्ये घरी फराळ करून विकायला लागलं की तीन ठिकाणी नोंद होते: मैत्रिणींत, कौन्सिलमध्ये आणि आयकर खात्यात. मैत्रिणी म्हणतात, "अगं, तुझी चकली काय खुसखुशीत होते!" कौन्सिलला धंदा सुरू करण्याआधी किमान २८ दिवस कळवावं लागतं; मग तपासनीस येऊन फ्रिजचं तापमान बघतो, ओट्याखाली वाकतो आणि पाचपैकी गुण देतो. आयकर खातं मात्र कुठेच वाकत नाही. ते दहा आकडी क्रमांक पाठवतं आणि शांत बसतं. वर्षाला हजार पौंडांपर्यंत विक्री असेल तर ते तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाही. गणपतीतल्या मोदकांच्या ऑर्डरी आणि पाठोपाठ दिवाळी, एवढ्यातच मी त्या हजाराच्या पलीकडे गेले.

नवरा नोकरदार. त्याचा कर पगारातून परस्पर कापला जातो, त्यामुळे कर भरणं हे एक काम असतं हेच त्याच्या गावी नाही. "त्यात काय एवढं, वर्षातून एकदा फॉर्म भरायचा," असं तो म्हणतो. दिवाळीच्या फराळाबद्दलही त्याचं मत साधारण असंच होतं, चकलीचा सोऱ्या हातात देईपर्यंत.

मुळात वर्ष कुठलं, हाच प्रश्न. इथलं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं. आपला पाडवा दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो याचं ज्यांना नवल वाटतं, त्या इंग्रजांनी १७५२ साली कॅलेंडर बदलताना अकरा दिवस गाळले, आणि २५ मार्चचा जुना वर्षारंभ सरकारी हिशेबात सरकत सरकत एप्रिलमध्ये आला. बाकी सगळं जग पुढे गेलं, कर तिथेच राहिला. सांगलीच्या बँकेतली माझी ठेव आपली ३१ मार्चला वर्ष संपवते. इथे राहणाऱ्याने जगभरातलं उत्पन्न इथे सांगायचं असतं, म्हणून त्या ठेवीचं व्याजही मला ६ एप्रिल ते ५ एप्रिल असं कापून मांडावं लागतं. बँकेतल्या साहेबांना मी फोनवर विचारलं, "एक ते पाच एप्रिलचं व्याज वेगळं काढून मिळेल का?" ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मॅडम, घरी सगळं ठीक आहे ना?"

दोन्ही देशांत १९९३ सालचा करार आहे, त्यामुळे त्याच व्याजावर दोन्हीकडे पूर्ण कर बसत नाही. कागद मात्र दोन्हीकडे पूर्ण लागतात. तक्रार तरी कुणाकडे करणार? नेपोलियनशी लढायला पैसे हवेत म्हणून धाकट्या पिटने १७९९ साली इंग्लंडमध्ये आयकर आणला, आणि सत्तावनच्या उठावाने रिकामी झालेली तिजोरी भरायला जेम्स विल्सनने १८६० साली तो हिंदुस्थानात नेला. विल्सन त्याच वर्षी कलकत्त्यात वारला. कर अजून ठणठणीत आहे.

पहिल्या जानेवारीचा धक्का तर नोकरदारांना समजावून सांगताच येत नाही. समजा कर निघाला १,४०० पौंड. ३१ जानेवारीला ते भरायचेच, शिवाय पुढच्या वर्षाच्या कराचा अर्धा हप्ता म्हणून आणखी ७००. उरलेले ७०० जुलैच्या ३१ तारखेला. पुढच्या वर्षीही मी एवढंच कमावणार, असा सरकारचा माझ्यावर जो विश्वास आहे तो माझ्या माहेरीही कधी कुणी दाखवला नव्हता. आणि ३१ जुलै ही तारीख पाहून मला भरूनच आलं, कारण भारतातलं विवरणपत्र भरायचीही एरवी तीच शेवटची तारीख. दोन सरकारं एकाच दिवशी आठवण काढतात.

खरी गंमत खर्चात आहे. जो खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झाला तोच वजा करता येतो. आता मराठी स्वयंपाकघरात केवळ धंद्यासाठी काय असतं? साउथॉलला भाजणीची डाळ आणायला गेले तर ४५ पेन्स मैलाप्रमाणे गाडीचा खर्च मांडता येतो. पण निघताना नवरा म्हणतो, "जातेसच आहेस तर माझ्या शर्टाचं माप देऊन ये." झालं! तो प्रवास आता दुहेरी हेतूचा. घर वापरल्याबद्दल ठरावीक रक्कम मिळते: महिन्याला २५ ते ५० तास काम असेल तर १० पौंड, १०० तासांपर्यंत १८, त्यापुढे २६. दिवाळीच्या महिन्यात मी ओट्यापाशी किती तास असते ते मोजायला कुणी तयार असेल तर त्याने जरूर यावं. येताना खोबरं किसून आणावं.

हॉलमधल्या दिवाळी मेळाव्यात स्टॉलवर उभं राहायला मी एक इरकल घेतली. हा धंद्याचाच खर्च, असं माझं म्हणणं. पण माझ्याआधी अ‍ॅन मॅलेल्यू नावाच्या बॅरिस्टर बाई कोर्टात घालायच्या काळ्या कपड्यांसाठी थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेल्या होत्या. १९८३ साली तिथे निकाल लागला की बाईंच्या मनात काहीही असो, कपडे ऊब आणि लज्जारक्षणासाठीही असतात, तेव्हा वजावट नाही. इरकलीत नोव्हेंबरच्या लंडनमध्ये ऊब काय मिळते ते त्या न्यायमूर्तींनी एकदा नेसून बघायला हवं होतं.

यावर ताण करणारा एक रकाना विवरणपत्रात आहे: धंद्यातला माल घरी वापरलात का? मी उधारी आणि शिल्लक माल धरून हिशेब ठेवते, कारण मराठी मंडळी डबा आज नेतात आणि पैसे होळीला देतात. या पद्धतीत विकायला ठेवलेली चकली घरच्याने खाल्ली की ती विकल्यासारखी धरायची, आणि तीही बाजारभावाने. याचं श्रेय लेडी झिया वर्नर यांना. त्यांनी आपल्या अश्वपैदाशीच्या धंद्यातले घोडे स्वतःच्या शर्यतीच्या तबेल्यात नेले, आणि १९५५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की घोडे घरच्या भावाने नाही, बाजारभावाने धरा. बाईंचे घोडे, माझा नवरा. तो रात्री अकराला डब्याचं झाकण आवाज न करता उघडतो. सकाळी मी वहीत लिहिते: चकल्या ६, शंकरपाळे मूठभर. मुठीचा बाजारभाव काय धरायचा याबद्दल कायदा मौन पाळतो. मी त्याची मूठ वजनकाट्यावर ठेवायला लावली. तेव्हापासून तो शंकरपाळे चिमटीने घेतो, पण बऱ्याच वेळा.

सासूबाई दिवाळीआधी आल्या आणि येताच करंज्या मुरडायला बसल्या. पाहुण्याच्या व्हिसावर काम करायला मनाई आहे, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. "काम कसलं डोंबलाचं? घरच्या करंज्या आहेत," त्या म्हणाल्या. म्हणून त्या घाण्यातली एकही करंजी मी विकली नाही. सगळ्या घरीच संपल्या. मग बेसनाचे लाडू खाताना त्यांनी माझी वही पाहिली. "हे काय? आई, लाडू दोन?"

मी सगळं समजावलं. घोड्यांपर्यंत आले तेव्हा त्यांनी हात वर केला, पर्समधून दोन पौंडांचं नाणं काढून ओट्यावर ठेवलं आणि म्हणाल्या, "हे घे. आणि पावती दे."

पावती केली. नाइलाज होता, आता ती रीतसर विक्री होती.

विवरणपत्र भरायची मुदत ३१ जानेवारी. उशीर झाला तर कर शून्य असला तरी १०० पौंड दंड. नाताळच्या दिवशी हजारो लोक विवरणपत्र भरतात, हे खातं दरवर्षी जाहीर करतं. इतक्या लोकांना नातेवाइकांपासून दूर खोलीत बसायला सबब हवी असते. उशिरासाठी लोकांनी दिलेल्या अजब कारणांच्या याद्याही खात्याने वेळोवेळी छापल्या आहेत. पोस्टाच्या पेटीपर्यंत हात पोचत नाही इतका मी बुटका आहे, असं एकाने कळवलं होतं. आणखी एका कारणाने मला जानेवारीत हसू आवरेना. सासूबाईंनी विचारलं, "काय गं, एकटीच काय हसतेस?"

आता सांगावं की नाही? सांगितलं. "एकाने लिहिलंय, माझी सासू चेटकीण आहे, तिने माझ्यावर करणी केली, म्हणून उशीर झाला."

"मग? दंड माफ केला?"

"नाही. कारण अमान्य."

सासूबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "शहाणे आहेत हो तुमचे आयकरवाले," त्या म्हणाल्या, "उगीच नावं ठेवत असतेस."